वीस श्वास

गुरुवार, दिनांक नऊ

प्रिय दादा,

नमस्कार. आईचा गुडघा अजून दुखतो, तोंड मात्र ठणठणीत आहे. काल तिने मुकादमाला दारातच धरलं, "माझ्या पोराला दारुडा म्हणायला जीभ कशी धजली रे तुझी?" तो म्हणाला, "काकू, दारुडा असो नसो, त्याच्यासारखा बुडी मारणारा मिळत नाही. सोमवारी बोलावलंय."

ताई सांगत होती, तू येणार आहेस, आणि तलावाच्या तळाची जाळी साफ करायला उतरताना या वेळी वीसऐवजी तीस खोल श्वास घेणार आहेस, पुन्हा घाबरायला नको म्हणून. तेव्हापासून मला जेवण जात नाही. पत्र तिच्याच हाती पाठवतोय.

मी डॉक्टरीणबाईंना विचारून आलो. मानेच्या वर, मेंदूच्या बुडाशी एक जागा आहे, तिथून श्वास चालतो, झोपेतही. ताजी हवा किती उरली हे ती फारसं बघत नाही. वापरलेली हवा साचली की ती छातीला ढकलते, वर चल म्हणून. भराभर खोल श्वास घेतले की वापरलेली हवा निघून जाते, ताजी काही वाढत नाही. मग ताजी संपली तरी ढकलणं येत नाही. माणूस मजेत असतो आणि शुद्ध जाते.

थंड पाण्यात तोंड घातलं की नाडी मंदावते, तेही तिथूनच. बादलीत तुझं तोंड बुडवून मी नाडी मोजायचो. ती उतरली की म्हणायचो, "बघ, भीती गेली तुझी."

म्हणजे मागच्या बुडीत शुद्ध गेली तेव्हा तू घाबरला नव्हतास, दादा. प्यायलाही नव्हतास.

वीस श्वासांची युक्ती माझी. माझ्या वहीत तुझ्या बुड्यांच्या वेळा आहेत: त्याशिवाय एक मिनिट दहा सेकंद, त्यानंतर एक मिनिट पन्नास. त्या दिवशी काठावर माझ्या हातातला दोर सैल पडला, तेव्हा घड्याळात एक मिनिट पंचावन्न सेकंद झाले होते. दोन मिनिटं भरावीत म्हणून मी पाच सेकंद थांबलो, मग ओढलं. मुकादमाने विचारलं, "प्यायला होता का रे?" मी म्हणालो, "माहीत नाही."

आज वही त्याला नेऊन दिली. त्याने ते पान दोनदा वाचलं.

सोमवारी पूर्वीसारखे साधे दोनच श्वास घे. छातीने पहिल्यांदा ढकललं की वर ये, जाळी राहिली तर राहू दे. दोर दुसऱ्या कुणाला द्यायचा तर दे, मी बाजूला उभा राहीन. माझ्याच हाती दिलास, तर एक मिनिट होताच ओढीन, तू कितीही शिव्या घाल.

सगळं माहीत असलेला,
तुझा धाकटा