रहेमतबीनं भरलेला चुडा

युसूफ वडगाव
चैत्र वद्य पंचमी, शके १८३२

चि. सौ. सत्यभामेस आजीचे पोटभर आशीर्वाद. हिकडलं क्षेम मागून लिहिते, आधी तुझं.

लेक झाली! धोंडीराम तेल्याचा गाडीवान नबी तेलगावाहून आला न् वेशीतूनच वरडला, "आज्जी, गूळ काढा, पणती आली!" मी हसता हसता रडले. नाक कुणाचं गं? तुझ्या सासूचं नसलं म्हंजी मिळवलं. हे त्यांना वाचून दावू नको. धुळीत अक्षरं गिरवायला तुला शिकवलं, ते ह्याच्यासाठीच.

पहिलटकरणीला माहेरी आणायचं, ते जमलं न्हाई. शिमग्यामागं माळाचं गवत पेटलं, वारं फिरलं न् वणवा घरात शिरला, येवढं तुला कळवलंच हाय. घर गेलं, कडब्याच्या गंजी गेल्या.

पण बाजारकरी लई मोठ्या मनाचे निघाले बघ. दुसऱ्या दिवशी उजाडताच धोंडीरामानं पेंडीची गाडी आणून उभी केली. म्हणला, "जनावरं जगली तर तुमी पेराल, तुमी पेरलं तर माझा घाणा फिरंल." राधाकिशन शेट ठावं हाय ना, कापड ताणताणून मापणारा? त्यानं लुगड्यांचं गाठोडंच सोडलं. मी म्हणलं, "शेट, मापा की." तर म्हणतो, "आज्जी, गज दुकानातच राहिला." मी हिरवं लुगडं मागून घेतलं. रहेमतबी कासारीण लिंबाखाली बसली न् बायांना फुकट बांगड्या भरल्या. बांगड्या भरून झाल्या की बाई तिच्या पाया पडती, तशा समद्या पडल्या.

तुझा निरोप मिळाला. लेकराला न्हाऊमाखू घालायला आईला धाड म्हणतीस. नबीनं येवढं सांगून मान खाली घातली.

समदे म्हणतेत, ओल्या बाळंतिणीला कळवू नका, दूध आटंल. पण तू रोज वाटंकडं डोळे लावून बसशील, ते मला सोसंना.

तुझी आई, माझी केसर, भाईर आलती गं. कपिला हंबरली म्हणून परत गोठ्यात गेली. गाय सुटली, वासरू सुटलं. धुरानं तुझ्या आईला मातर सोडलं न्हाई. तुझा बाप आता कपिलेपाशीच बसून ऱ्हातो.

हिरवं लुगडं तिलाच नेसवलं. सवाष्ण गेली. रहेमतबीनं तिचे हात मांडीवर घेतले. एक काच तडकू दिली न्हाई. जित्या बाईला म्हणावं तसं म्हणत होती, "हात सैल सोड, केसर, सैल सोड." चुडा भरून झाला. पाया पडायची वेळ आली. मग रहेमतबीच वाकली, तिच्या पायांवर डोकं टेकलं.

नबीसंगं तूप धाडते. पेंड धोंडीरामाची, गाय तुझ्या आईनं सोडवलेली. भातावर घालून खा. रडू आलं तर लेकराला पाजत रड, पण पाजायचं सोडू नको.

सवा महिना झाला की न्यायला मी येते. तिच्यासारखं न्हाऊ घालता येतंय का, बघते.

तुझी,
आता दोघींच्या वाटची
आज्जी