हळदीचं पाणी

अंबाडी, १२ जानेवारी

चि. मृणालीस ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आई एकदा नदीवर म्हणाली होती की दोघींत गानारी सुवर्णाच हाय, मृणाली नुसती मागून री ओढंल. परवा लेकीनं, पूर्वानं, तुझा व्हिडिओ दाखवला आणि ते आठवलं. फोनवर आपण भांडतो, म्हणून लिहिते.

तुमच्या सोसायटीच्या नदी-उत्सवात तू जरीचं लुगडं नेसून स्टेजवर लग्नातला धवला गात होतीस. खाली लिहिलेलं, ‘आमच्या नदीकाठची परंपरा’. आमच्या म्हणजे कोणाच्या गं? ते टॉवर कालपरवा उभे राहिले. पत्त्यात भिवंडी लिहायलासुद्धा लाजतात म्हणे तिथले लोक!

आणि गायलीस तोही हळदीच्या पाण्याचा धवला. घरात नवरी नसताना तो कोणी गातं का? पण खरं सांगू, राग त्याचा कमी आहे. तू चांगली गायलीस, त्याचा जास्त.

पुढच्या महिन्यात आमच्या पूर्वाची हळद. पाणी आपल्या माहेरच्या घाटावरूनच आणायचं, आणि तो घाट आता तुमच्या कुंपणात. तेवढं विचारून ठेव. भाविकरावांना नमस्कार.

रुसलेली तरी तुझीच,
ताई

टॉवर बी, नदीकाठ, २० जानेवारी

प्रिय ताईस सा. न. वि. वि.

चुकलेच. गावचं काहीतरी गा म्हणाले आणि तोंडात तोच आला. मला अख्खा तेवढाच येतो, बाकीचे सगळे तुझ्याकडे. ताई, लिफ्टमध्ये बायका मला विचारायच्या की कोणत्या घरी कामाला आहेस. गायले त्या दिवसापासून नावानं हाक मारतात. तुझ्या दारात लग्नाला अर्धी अंबाडी जमेल. मी तुझा किती हेवा करते, तुला ठाऊक नाही.

समितीला विचारलं. घाटावर या म्हणाले, पण कार्यक्रम म्हणून. रहिवासी खुर्च्या टाकून बघणार, धवला मी म्हणायचा. गावच्या बायकांनी मागच्या गेटावर नाव लिहून, कामवाल्यांच्या वाटेनं यायचं. रागावू नकोस. पूर्वाला आशीर्वाद.

तुझ्या मायेची भुकेली,
मृणाली

अंबाडी, २९ जानेवारी

चि. मृणालीस अनेक आशीर्वाद.

लिफ्टमधल्या त्या बायांना हळदीला घेऊन ये, भांडी घासायला हात कमीच पडतायत.

ह्यांचं म्हणणं, दारातल्या बोअरचं पाणी भरा, कोणाला कळतंय? मला कळेल. म्हणून खुर्च्या मांडू देत. धवलाही तू म्हण. हे लिहिताना पोटात दुखलं, पण लिहिलं.

मागणं एकच आहे. त्या दिवशी टॉवरमधून थेट घाटावर उतरू नकोस. मागच्या गेटाबाहेर आमच्यात येऊन उभी राहा. वॉचमनच्या वहीत आमच्याखाली तुझंही नाव लिही, आणि कामवाल्यांच्या वाटेनं, खुर्च्यांवरच्या सगळ्यांसमोरून, आमच्याबरोबर चालत ये. एवढ्या कष्टानं मिळवलेली ओळख कोण अशी घालवेल? तू नाही म्हणशील, ठाऊक आहे मला. तरी ये.

वाट बघणारी,
ताई