तिच्या तोंडून माझा उपदेश

७ सप्टेंबर

ती. आक्कास,
सप्रेम सलाम, वि. वि.

आम्ही सुखरूप पोहोचलो. पत्राला उशीर झाला त्याचा दोष टपालावर ढकलत नाही. मी रागात होतो, आणि रागाच्या भरात कागद पुढे ओढू नये ही शिस्त तूच लावलेली. राग अजून आहे. एवढेच की आता तो मुद्देसूद झाला आहे.

पहिला मुद्दा घराचा. प्रार्थनामंदिराच्या मागे दोन खोल्या. खिडकी उघडत नाही. ती उघडण्यासाठी बसवलेलीच नाही, असे देखभाल करणाऱ्या बाईंनी तुझ्या भावजयीमार्फत कळवले. हीटरला दोनच अवस्था ठाऊक आहेत, बर्फ आणि भट्टी. निवृत्त पाळकाने म्हातारपणी परमुलखात येऊन आधी एका लोखंडी पेटीशी तह करावा, अशी मिशनची इच्छा दिसते.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर. 'तुझ्या भावजयीमार्फत' हे शब्द आता माझ्या प्रत्येक वाक्याला चिकटले आहेत. दुकानदार, बसचा कंडक्टर, डॉक्टर, सगळे तिच्याशी बोलतात आणि माझ्याकडे पाहून मान हलवतात. ज्येष्ठ दांपत्य योजनेत आमची निवड माझ्या चाळीस वर्षांच्या सेवेमुळे झाली, अशी माझी समजूत होती. निवड तिची झाली. आपल्याकडच्या मिशन हॉस्पिटलात, या देशातून आलेल्या एका डॉक्टरीणबाईंच्या हाताखाली नर्सचे काम करताना तिने ही भाषा उचलली होती. मी तिच्यासोबत आलेले सामान.

उपदेश मी मराठीत करतो आणि ती शेजारी उभी राहून वाक्यागणिक भाषांतर करते. एक गोष्ट मात्र कळत नाही. आज्ञाभंग आणि त्याची शिक्षा यावर बोलत होतो, तर मागच्या बाकावरची एक म्हातारी प्रसन्न हसली. पश्चात्तापावर आवाज चढवला, तर लोकांनी एकमेकांचे हात हातात घेतले. बाहेर पडताना सगळे माझा खांदा थोपटतात. आपल्याकडच्या मंडळीने माझा खांदा कधी थोपटल्याचे तुला आठवते का? मला नाही.

तुझी कंबर कशी आहे ते लिही. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
भाऊ

---

१९ ऑक्टोबर

ती. आक्कास,
सलाम.

मी फसवला गेलो आहे आणि फसवणारी माझी बायको आहे. हे वाक्य तपासून लिहिले आहे.

इथल्या मंडळीत एक बेकरीवाला आहे. त्याची लग्न झालेली मुलगी नवऱ्याचे घर सोडून माहेरी आली, मनगट प्लास्टरमध्ये घालून. नवरा ट्रक चालवतो. तोही आपल्याच मंडळीतला, दर रविवारी इस्त्रीच्या शर्टात हजर. मुलीला ठेवून घ्यावे की परत धाडावे, अशा विवंचनेत बाप होता आणि पाळक काय म्हणतात याची वाट पाहत होता. मी त्या रविवारी तोच विषय घेतला. विवाह हा करार नसून पवित्र बंधन आहे, स्त्रीने सोसावे, क्षमा करावी व पतीगृही परतावे, असे मी स्पष्ट सांगितले. चाळीस वर्षे हेच सांगत आलो आहे.

काल तो बेकरीवाला दोन ताजे पाव आणि बँकेत काम करणारा पुतण्या घेऊन घरी आला. पुतण्याला इंग्रजी येते. त्याने काकाचे आभार माझ्यापर्यंत पोहोचवले. पाळकसाहेबांनी भर सभेत ठणकावून सांगितले की मुलीला मारणाऱ्याच्या दारात नेऊन सोडणारा बापही मारणाराच; म्हणून आम्ही तिची खाट आतल्या खोलीत मांडली, असे तो म्हणाला. बेकरीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होते. माझ्या हातात पाव होते.

तुझ्या भावजयीला विचारले की ऐकण्यात काही चूक झाली का. बटाटे सोलता सोलता तिने सांगितले की चूक कसली, नीट ऐकले म्हणूनच तर बदलले. वर मलाच विचारले की ते मनगट तुम्ही पाहिलेत का, जिन्यावरून पडून हाड असे मोडत नाही. मग बाकीचेही बाहेर आले. नरक तिने पहिल्याच रविवारी गाळला होता.

आता पेच असा. हे शब्द माझे नव्हेत हे मला सभेत सांगायचे आहे, आणि ते सांगायला तोंड तिचेच हवे. मिशन दुसरा दुभाष्या पाठवायला तयार नाही, आणि बेकरीवाल्याच्या पुतण्याच्या तोंडून हे वदवणे माझ्याने होणार नाही. तोवर एक बाई माझ्या नावावर माझ्याच मताविरुद्ध माहेरी बसली आहे. तुझा शब्द ती मोडणार नाही. तिला आज्ञा कर की माझे वाक्य जसेच्या तसे सांग.

तुझ्या न्यायबुद्धीवर भरवसा ठेवणारा,
भाऊ

---

३१ ऑक्टोबर

चि. भाऊ आणि चि. सौ. वहिनी,
दोघांना एकाच कागदावर आशीर्वाद. वेगवेगळी पत्रे लिहिली असती तर प्रत्येकाने आपापल्या सोयीचे भाषांतर केले असते.

वहिनी, आधी तू. नणंद आहे म्हणून तू बोलणी खाण्याची तयारी ठेवली असशील. निराश करत नाही. तुझे मत बरोबर असेल. माझ्या मते आहेच. पण खऱ्या मजकुराखाली तू खोटी सही केलीस. ती मुलगी आज ज्या भिंतीला टेकून बसली आहे ती भिंत तिथे नाहीच. माझ्या भावाच्या नावाची नुसती सावली आहे. हे उघड होईल त्या दिवशी पाठीवर पडेल ती, तू नव्हेस. जे सांगायचे होते ते स्वतःच्या नावाने सांगायला तुला कुणी अडवले होते? माझ्या भावाचा धाक म्हणू नकोस. त्या धाकाचे वजन मी लहानपणापासून जाणते. फुलपात्रसुद्धा त्याने बुडणार नाही.

आता तू, भाऊ. मी हयातभर तर्कशास्त्र शिकवले आणि घरातच असा कच्चा विद्यार्थी निघावा याची चीड येते. 'चाळीस वर्षे हेच सांगत आलो', हा तुझा पुरावा! पुन्हा पुन्हा सांगितल्याने विधान जुने होते; सिद्ध होत नाही. दुसरे म्हणजे, 'स्त्रीने पतीगृही परतावे' या वाक्यात स्त्रिया किती आहेत? जगातल्या सगळ्या? मुळीच नाही. एकच आहे, प्लास्टर घातलेली, तुझ्यासमोर बाकावर बसलेली. एका माणसाला सांगायचे ते 'स्त्रीने', 'मनुष्याने' असे म्हणून हवेत सोडणे याला मी वर्गात पळवाट म्हणत असे आणि गुण कापत असे.

तेव्हा असे करा. येत्या सभेत वहिनीने प्रथम उभे राहावे आणि ते शब्द आपले होते, पाळकांचे नव्हते, हे सांगावे. नंतर भाऊ, तू. दुभाष्या नाही, 'स्त्रीने' नाही. त्या मुलीकडे पाहायचे आणि त्यांच्या भाषेत म्हणायचे: तू परत जा. वाक्य वहिनी शिकवील, आणि नीट शिकवील. शब्दांची अफरातफर मी पुन्हा ऐकून घेणार नाही. जे वाक्य डोळ्यांत पाहून 'तू' म्हणत बोलता येत नाही, ते व्यासपीठावरून बोलण्याचा अधिकार कुणालाही नाही.

मी किती रागावले आहे ते निराळे लिहीत नाही, अक्षर पाहा. कंबर बरी आहे. हिच्यासारखे ताठ निदान तुमच्यापैकी एकाने तरी राहावे.

तुमची,
आक्का

---

१८ नोव्हेंबर

ती. वन्संना,
सादर सलाम, वि. वि.

तुमचा निवाडा शब्दशः पाळला. 'शब्दशः' म्हणजे काय ते मला आता कुणी शिकवायला नको.

आठवडाभर मी सिंकपाशी भांडी घासत होते आणि ते पाठीमागे उभे राहून ते वाक्य घोकत होते. उच्चार मी दुरुस्त केले. मुलीला विहिरीत ढकलायला निघालेल्या माणसाचे बोट धरून त्याला काठापर्यंत नेल्यासारखे वाटत होते. पण तुमची आज्ञा होती, आणि तुमचा माझ्यावरचा आरोप खरा होता. म्हणूनच तो मला जास्त झोंबला. तुमच्यावरही मी रागावलेली आहे, वन्सं. हे आजवर कधी लिहिले नव्हते, ते आज लिहून ठेवते.

रविवारी मी आधी उठले. सांगितले की ते बोल माझे होते, यांचे नव्हते, आणि मी ते मागे घेत नाही. बेकरीवाल्याने विचारले की मग पाळकसाहेब काय म्हणाले होते? मी म्हटले, ते स्वतःच सांगतील, आणि खाली बसले. शेजारच्या बाईने आपली पर्स माझ्याजवळून उचलून दुसरीकडे ठेवली.

मग हे उभे राहिले. मुलीकडे पाहिले आणि बोलले. एकही चूक नाही. मी शिकवले होते ना.

मुलगी जागची उठली. रडली नाही, ओरडली नाही. तिने सांगितले की तुम्ही म्हणता तर जाईन, पण आधी तुम्ही आठ दिवस त्या घरात राहून या, माझ्याच खोलीत, मग मी जाते. हे सवयीने माझ्याकडे वळले. मी भाषांतर केले. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. ट्रकवाला मागच्या बाकावरून उठून म्हणाला, अवश्य यावे, आमचे भाग्य! तेही मी सांगितले.

तुमच्या भावांनी टेबलाची कड धरली. मग मला म्हणाले, अट न्याय्य आहे, त्यांना सांग.

सोमवारी ते गेले. मी अडवले नाही. टॉवेल, पुस्तक, रक्तदाबाच्या गोळ्या, लोकरी मोजे, सगळे मीच भरून दिले. संसारात इतकी संतापले नव्हते कधी, आणि त्याच संतापात मोज्यांच्या घड्या घातल्या.

रागासकट तुमचीच,
भावजय

---

२४ नोव्हेंबर

ती. आक्कास,
सप्रेम सलाम, वि. वि.

आठ दिवस पुरे केले नाहीत. तिसऱ्याच दिवशी परत आलो. कारण लिहितो, अनुमान तुझे तू काढ.

तो माणूस अत्यंत अदबशीर आहे. मला पलंग दिला, स्वतः सोफ्यावर निजला. फळे सोलून पुढे ठेवायचा. दोन दिवस मी मनात युक्तिवाद जुळवत होतो, तुझ्यावर मात करणारा. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने मला चहा आणून दिला, हसून निरोप घेतला, खोलीचे दार ओढले आणि बाहेरून कडी सरकल्याचा आवाज आला. त्यात दुष्टावा नव्हता, आक्का. तो विचार करत नव्हता. त्याच्या हाताला ती सवय होती. दाराला आतून कडी नव्हती. होती ती काढल्याची स्क्रूची भोके होती.

दिवसभर मी आत होतो. खिडकीतून फुटपाथ दिसत होता, भाजी घेऊन जाणाऱ्या बायका दिसत होत्या. काच वाजवली की त्या वर पाहायच्या. त्यांच्या भाषेतले एकच वाक्य मला येत होते, 'तू परत जा'. ते मी दोनदा ओरडलो. दोन्ही वेळा बायका घाबरून निघून गेल्या.

संध्याकाळी त्याने कडी काढली आणि मला पाहून कपाळावर हात मारून हसला. मी त्याची बायको नाही हे त्याला तेव्हा आठवले असावे. मी बॅग घेऊन निघालो.

तुझ्या भावजयीशी माझे बोलणे अजून सुरळीत नाही. तिचे मत बरोबर निघाले म्हणून तिचे कृत्य बरोबर ठरत नाही, हे मी तिला ऐकवले. तिने उत्तर दिले की हे वाक्य आक्कांचे आहे, तुमचे स्वतःचे काही असेल तर सांगा. मी दार आपटून बेकरीत गेलो आणि बेकरीवाल्याकडून, पुतण्याच्या मदतीने, दोन नवे शब्द शिकून आलो.

काल सभेत एकटा उभा राहिलो. तुझी भावजय बाकावर बसली होती. ट्रकवालाही होता, इस्त्रीच्या शर्टात. मी मुलीकडे पाहून 'तू जाऊ नकोस' असे म्हणायला गेलो. क्रियापद चुकले. 'मी तुला जाऊ देणार नाही' असे काहीतरी तोंडून गेले, हे लोक उठून उभे राहिल्यावर आणि ट्रकवाला दार आपटून गेल्यावर मला कळले. तुझी भावजय दुरुस्ती करायला अर्धी उठली होती. मी हात वर करून तिला बसवले.

वाक्य तसेच राहील. ते माझे आहे.

या खेपेस निवाडा पाठवू नकोस, नुसती खुशाली कळव. आणि रागावलीस तरी जीव लावणे सोडू नकोस.

तुझा,
भाऊ