निळ्या शाईत काय हाय

४ फेब्रुवारी, बुधवार

म्हणे हत्तीच्या कानाबाहेर निळं गेलं. म्हणे मोराच्या पिसात हिरवं निळ्यात घुसलं. म्हणे अक्का, तुमच्या हातचं काम असं कदी नसतंय. सुजाता मॅडमनं अख्खा गठ्ठा परत पाठवला, जीपवाल्याच्या हाती. पिशवीला गाठ अशी मारलेली की कातरीनं कापावी लागली. भालकीला पंख्याखाली बसून ठसे मारायला हिचं काय जातंय. लाकडाचा ठसा काळ्या शाईत दाबला, कार्डावर दाबला, झालं काम. हत्ती, मोर, घागर घेतलेली बाई. आत रंग भरायचा तो आम्ही, इथं कमलनगरला, मान मोडून. आन् हैदराबादच्या दुकानात कार्डं देताना हीच मिरवणार.

बाहेर कामून गेलं ते मला ठाव हाय. ब्रशाचं टोक तोंडात घेऊन ओठात दाबलं की सुईवानी होतंय. रंगीत पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं की रंग गडद बसतोय. पाण्यानं तसं होत न्हाई, कागद फुगतोय. ही युक्ती माझीच. मॅडमनं बाकीच्या बायांना सांगितलं होतं, अक्कासारखं करा म्हणून. पर आता टोक जिभेला लागलं की आग व्हायलीय. म्हणून वाटीतल्या पाण्यात बुडवलं, म्हणून गेलं बाहेर. हे मॅडमला सांगू? न्हाई सांगत.

बोलताना बी जीभ दाढेला घासतीय. आन् मला बोलल्याबिगर ऱ्हावत न्हाई. म्हणून हे लिहायलेय. शाळा पाचवीपर्यंत, पर भांडण लिहायला तेवढी पुरे.

६ फेब्रु., शुक्र.

दाढ टोचत असंल म्हणून लवंग धरली. काय फरक न्हाई. सकाळी मिश्री लावली तर डोळ्याला धार. तरी लावली. मिश्रीबिगर माझा दिवस उगवत न्हाई, लग्नाआधीपासूनची सवय.

दारात उजेडाला आरसा धरून जीभ बघितली. डाव्या कडेला पांढरं. बोट लावलं तर कड टणक लागली, जुन्या भाकरीवानी. भोवती निळं, शाईचं, घासून बी जात न्हाई.

अण्णाच्या गालात आधी असंच पांढरं आलतं. माझा थोरला भाऊ. त्याचा गुटखा. आधी तिखट सोसंना, मग तोंड बोटभर उघडायचं, मग दुधात कालवून, मग

न्हाई लिहीत. माझी दाढच असंल.

९ फेब्रु., सोम.

आज तिघी बसलो होतो ओसरीवर. मी, सून पूजा आन् शेजारची शाहीन. पूजा मोरावर, शाहीन घागरवाल्या बाईवर, मी हत्ती. पूजाचं लेकरू मधे गोधडीवर, चार म्हयन्याचं, पाय झाडायलं.

मी काय तरी म्हणायला तोंड उघडलं आन् शाहीन हसत सुटली. "अक्का, जीब देखो तुमारी. क्या स्याही पीलिए क्या?"

मी म्हणलं, तुझी दाखव. तिनं दाखवली, निळी. पूजानं दाखवली, तिची तर हिरवी-निळी, मोराच्या पिसावानी. तिघी जीभ काढून बसलो होतो तेवढ्यात हे आले, बघून तसेच मागं फिरले. पोट दुखंपर्यंत हसलो. मग पूजानं हसत हसत लेकराला उचललं, तोंडावर तोंड ठेवून मुका घेतला, आन् पाजायला घेतलं.

माझं हसू तिथंच बंद झालं. हिच्या तोंडात जे जातंय ते दुधात जातंय का? अंगावर पितंय लेकरू. दुसरं काय पोटात न्हाई त्याच्या.

उठून चुलीपाशी जाऊन बसले. पू. नं इचारलं काय झालं. म्हणलं, धूर झालाय. गॅस हाय आमच्यात.

१० फेब्रु., मंगळ.

सकाळीच सांगून टाकलं, ब्रश तोंडात घालायचा न्हाई, कुणीच. पेन्सिल बी न्हाई. पू. म्हणाली, "आत्या, तुमीच शिकवलं की."

व्हय, मीच शिकवलं. म्हणून मीच सांगायलेय, बंद कर.

कामून म्हणून इचारलं तर काय सांगू. जीभ दाखवली न्हाई. ओरडले नुसती. ती मुकाट वाटीत पाणी घेऊन बसली. दुपारी पाणी प्यायला बाहेर आले तर ब्रश ओठात. माझ्याकडं पाठ. लवकर होतंय ना तसं. हातातून ब्रश हिसकला, मोराची मान वाकडी झाली. ती रडली. रडू दे.

मॅडमला फोन. निळ्या शाईत काय असतंय म्हणून इचारलं. आधी बाटलीवर कागद चिकटवलेला असायचा, लेकराचं चित्र असायचं. संक्रांतीपासनं निळी येतीय ती उघड्या बाटलीत, कॅनमधून ओतलेली, टोपण उघडलं की नाकात थिनरवानी वास. मॅडम म्हणाली, "अक्का, शाईत शाईच असती, आणखी काय असंल." वर म्हणाली, पेन्सिली तर शाळेतली लेकरं वापरतेत. मी पेन्सिलीचं इचारलंच न्हाई. निळ्याचं इचारलं. तर म्हणे दुसरा फोन यायलाय, ठेवते.

१३ फेब्रु., शुक्र.

भाकरी गिळंना. वरण-भात. मिश्री लावली न्हाई. मग दुपारी लावली. डबी कमरेलाच हाय तर हात जातोच.

पांढरं वाढलंय का तेवढंच हाय, कळंना. रोज बघू नये म्हणते, आन् बघते.

१५ फेब्रु., रवि. शिवरात्र.

देवळातून आले. पिंडीपुढं काय मागावं ते सुचंना, नुसती उभी ऱ्हायले, मागच्या बायांनी ढकललं.

फराळाला शाबू. जिभेला लागला तसा ताटात ठेवला. हे बघायलेच होते. म्हणाले, "चार दिस झाले घरात वरडा न्हाई. मला वाटलं बायको बदलून दिली कुणी." मी हसले न्हाई. तेव्हा जवळ आले, आ कर म्हणाले. केलं. बॅटरी लावून बघितलं, मग विझवून खिशात घातली. अण्णाला दवाखान्यात ह्येंनीच न्हेलं होतं दर खेपेला. त्यांना सांगायची गरज पडली न्हाई.

म्हणाले परवा बिदर.

१७ फेब्रु., मंगळ.

बिदरला मोठ्या दवाखान्यात. डॉक्टर तरुण बाई, कानडीत बोलणारी, पर हळू. तंबाखू खाता का म्हणाली. मी सरळ न्हाई म्हणलं. गुटखा? न्हाई. मिश्री? न्हाई. हे बाजूला बसलेले, खाली बघत. मग म्हणाले, "डॉक्टर, डबी आत्ता बी कमरेला हाय तिच्या."

असा राग आला. दवाखान्यात नवऱ्याला शिव्या देता येत न्हाईत म्हणून ऱ्हायल्या. डॉक्टर रागावली न्हाई. आजपासून बंद म्हणाली. डबी टेबलावर ठेवायला लावली, मला वाटलं परत देईल. कचऱ्याच्या बादलीत टाकली.

मग मी शाईचं सांगितलं. ब्रश तोंडात घालतो ते. ती लिहायची थांबली. कसली शाई म्हणाली. निळी. निळी म्हणजे काय काय असतंय तिच्यात? मला काय ठाव. ती म्हणाली, बाटलीवरचं नाव आणा, न्हाईतर देणाऱ्याला इचारून या. नाव कळल्याबिगर मी चांगली बी म्हणू शकत न्हाई, वाईट बी म्हणू शकत न्हाई.

जिभेचा तुकडा काढला. सुई टोचली तेवढंच कळलं, मग ओढल्यासारखं. टाके. रिपोर्टला वेळ लागतोय म्हणाली, फोन करू. कॅन्सर हा शब्द तिनं काढला न्हाई. मी बी काढला न्हाई. ह्येंनी बी न्हाई. तिघं मिळून त्या शब्दाच्या कडेकडेनं बोललो.

१८ फेब्रु., बुध.

बोलणं बंद. पेज. पू. ला सगळं सांगितलं ह्येंनीच. ती उठून गेली आन् आरशात स्वतःची जीभ बघून आली. मी बघितलेलं तिला कळलं न्हाई.

२० फेब्रु., शुक्र.

शाहीनचा रोजा. थुंकी बी गिळायचा इचार करते ती रोज्यात, ब्रश कुठला तोंडात घालती. फडक्याला टोक पुसून पुसून भरायली. हळू होतंय, पर रेघेबाहेर जाईना. म्हणजे होत होतं की फडक्यानं. मी कामून न्हाई शोधलं हे आधी. घाई. माझी सगळी जिंदगी घाईतच.

ती म्हणाली, "फिकर नक्को करो अक्का, अल्ला अच्छा करता." मी मान हलवली. मला बोलता येत न्हाई हे बरंच हाय, न्हाईतर काय तरी तोडून बोलले असते.

मिश्रीसाठी जीव कासावीस. कमरेला हात जातोय, डबी न्हाई.

आज मनात एक आलं ते लिहून ठेवते, कुणाला सांगायचं न्हाई. जे काय हाय ते मिश्रीनं झालेलं असू दे. माझ्या सवयीचं, माझ्या तोंडाचं, माझ्यापाशीच ऱ्हाईल. शाईनं असंल तर मग पूजा. मग शाहीन. मग ते लेकरू. ठसे भरणाऱ्या बाकीच्या बाया, ज्यांना मॅडमनं अक्कासारखं करा म्हणून सांगितलं. त्यांची तर मला नावं बी ठाव न्हाईत.

मिश्रीच असू दे. शिवरात्रीला सुचलं असतं तर हे मागितलं असतं.

२१ फेब्रु., शनि.

मॅडम स्वतः आली. कदी येत नसती ती. केळं-सफरचंद घेऊन. माझ्या जिभेचं इचारलं, अरेरे म्हणाली, आन् मग म्हणाली, त्या निळ्या बाटल्या वाळायलेत, मी घेऊन जाते, नव्या पाठवते.

कुठं वाळायलेत? पाण्यावानी पातळ हायत.

मी वहीवर लिहून धरलं तिच्यापुढं, नाव काय शाईचं. तिनं वाचलं, आन् पूजाला म्हणाली, लेकरू किती गोरं झालंय. पिशवी भरली, गेली. जीप चालू होती तिची बाहेर, इंजिन बंदच केलं न्हाई.

साधी शाई असंल तर परत कामून न्यायली? हे इचारायला तोंड पायजे होतं माझं.

एक बाटली भिंतीतल्या दिवळीत मागं ऱ्हायलीय, पूजानं ठेवलेली. मॅडमला दिसली न्हाई. फडक्यात गुंडाळून ट्रंकेत टाकली मी.

२३ फेब्रु., सोम.

सकाळपासनं लेकरू रडायलं. बघते तर पू. बाटलीनं म्हशीचं दूध पाजायली. ते तोंड फिरवतंय, ओकतंय. कालपासनं अंगावर घेतलंच न्हाई म्हणाली. छाती दगड झालीय तिची, पोलकं भिजलंय, पिळून पिळून न्हाणीत टाकायली. मी हातानं खुणा केल्या, घे त्याला. ती म्हणाली, "आत्या, माझ्या जिभेवर काय न्हाई दिसत. पर तुमच्या बी आधी दिसत नव्हतं."

मी लेकराला खांद्यावर घेऊन ओसरीवर फिरवलं.

इथल्या लेकरांच्या डॉक्टरकडं न्हेलं ह्येंनी दोघांना. तो बी तेच. आईचं दूध तोडणं वाईट हाय म्हणाला, पर शाईत काय हाय ते कळल्याबिगर पाजा बी कसं म्हणू. कळवा लवकर.

मॅडमला फोन, उचलंना. ह्येंनी दुसऱ्या नंबरावरून लावला तर उचलला. शाईच्या दुकानवाल्याला इचारते म्हणाली. म्हणजे तिला बी ठाव न्हाई. इतके दिस न इचारता आमच्या हातात देत होती. मी बी न इचारता तोंडात घालत होते ते येगळं.

लेकरू आत्ता झोपलंय, रडून रडून, हुंदका देतंय झोपेत. पू. भिंतीला टेकून, हात छातीवर. मला भ्या वाटायलंय. माझं न्हाई. माझं असंल ते असंल.

२४ फेब्रु., मंगळ.

हे म्हणाले, जाऊ भालकीला, दारात बसू. मी मानेनंच न्हाई म्हणलं. तिथं गेलं की चहा करंल, सोफ्यावर बसवंल, इकडचं तिकडचं बोलंल, आन् आपण हात जोडून परत येऊ. वही टाळली तसं फोनवर आलेलं लिहिणं टाळता येत न्हाई. इथं लिहिते, पूजा फोनवरून पाठवंल. तिचं लिहिणं शुद्ध हाय, पर शब्द माझेच ठेव म्हणून लिहून दिलंय.

सुजाता मॅडम, मी कमलनगरची अक्का. बोलता येत न्हाई म्हणून लिहायलेय. तुम्ही बाटल्या न्हेल्या, पर एक माझ्यापाशी हाय, ती मी देणार न्हाई. काम बंद करा, दुसऱ्या बायांना द्या, माझी तक्रार न्हाई. पर त्यांना आजच सांगा, ब्रश तोंडात घालू नका म्हणून. अक्कानं सांगितलं म्हणून सांगा. दुकानवाल्याकडून शाईचं नाव घ्या, कॅनवर काय लिहिलंय त्याचा फोटो घ्या, इंग्रजीत असला तरी चालंल, डॉक्टर वाचंल. माझ्या जिभेचं काय व्हायचं ते रिपोर्टात येईल, ते मी तुम्हाला इचारत न्हाई. आमच्या लेकरानं आईचं दूध प्यायचं का न्हाई, एवढं सांगा. गुरुवारी दुपारच्या आत सांगा.