हिरव्या पट्ट्यावरचा देव

७ जुलै, सोमवार. सकाळी ५.५०
नवीन वही. आजपासून रोज लिहायचे. सायकल ट्रॅकची कुठेतरी नोंद असावी. पुढे कुणी विचारले तर दाखवता येईल. कुणी विचारणार नाही, पण नोंद असावी.
मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रोडला हिरवा पट्टा मारून झाला. कडेने पांढरी रेघ आणि मधूनमधून सायकलचे चित्र. फेब्रुवारीत मी पालिकेत अर्ज दिला होता, की सायकलवाल्यांना रस्त्यात जागा असावी. पोच घेतली होती. पाच महिन्यांत काम झाले. लोक उगीच म्हणतात की कुणी ऐकत नाही. नंदा म्हणाली, हे ट्रॅक सगळ्याच शहरांना वरून आले आहेत, पेपरात होते. माझी बायको पेपर जरा जास्तच वाचते.

७ जुलै, रात्री जेवणानंतर
साक्षीचा विषय निघाला. आमची एकुलती एक. अकरावी सायन्स. क्लास मोंढ्याच्या पलीकडे, सकाळी सातला. इतक्या लवकर रिक्षा मिळत नाही. गेल्या वर्षी त्याच रोडवर तिच्या कोपराला टेम्पोचा आरसा लागला होता, तेव्हापासून नंदाचा सायकलला विरोध. मी शब्द दिला: आता ट्रॅक आहे, रेघेच्या आत पोरगी घरात असल्यासारखीच. नंदा म्हणाली, दिवाळीपर्यंत बघते, पोरीला एक ओरखडा जरी आला तं क्लास बंद, मंग मला काही सांगायचं न्हाई. मी म्हणालो, चालेल. शब्द देताना छाती भरून आली होती.

९ जुलै, बुधवार
साक्षीबरोबर ट्रॅकवरून गेलो. बियाण्याचे गोडाऊन मला साडेसहाला उघडावे लागते, तिला म्हटले जरा लवकर निघ. उद्यापासून ती एकटीच जाणार. म्हणाली, बाबा, तुम्ही वाटेतल्या तीनही देवळांपाशी उतरता, माझा बसून अभ्यास झाला असता. बरोबर आहे. पण देवळासमोरून बसल्या बसल्या निघून जाणे मला जमत नाही.
ट्रॅकचे निरीक्षण: रुंदी दोन हात. एका ठिकाणी मधोमध विजेचा खांब. चेंबरचे झाकण चार बोटे खाली. हिरवा रंग ओला झाला की शेवाळासारखा सरकतो. डीपीजवळ ट्रॅक संपतो आणि चाळीस पावलांनी परत सुरू होतो. मधल्या चाळीस पावलांत सायकलवाल्याने काय करावे, याची पाटी नाही.
सुरुवात आहे. सुधारणा होतील.

१४ जुलै, सोमवार
ट्रॅकवर आज मोजले: मोटारसायकली एकवीस, भाजीचे गाडे चार, वाळूचा ढीग एक, झोपलेली म्हैस एक. सायकली दोन. एक माझी, दुसरी महेबूबभाईंच्या दुकानासमोर चाक काढून उलटी ठेवलेली.
महेबूबभाई पंक्चरवाले, जुने स्नेही. त्यांची रुखसार साक्षीच्याच क्लासला आहे. म्हणाले, कडूबाभाऊ, बिलकुल मस्त ट्रॅक झाला, मला गिऱ्हाइकाच्या गाड्या ठेवायला जागाच नव्हती. मी म्हटले, निदान तुम्ही तरी. म्हणाले, दोनच मिनिटं, चाक बसवलं की काढतो.
सगळे हेच म्हणतात. दोनच मिनिटं.

२२ जुलै, मंगळवार
संकल्प: रोज एका माणसाला प्रेमाने समजवायचे. वर्षात तीनशे पासष्ट.
आज पहिला. भुजंग पोहेवाला. याचा गाडा बरोबर सायकलच्या चित्रावर उभा असतो. त्याला समजावले. त्याने शांतपणे ऐकले, वर शेव घालून प्लेट दिली. मग म्हणाला, मामा, तुम्ही बाजूनं काढा ना सायकल, एवढा मोठा रोड पडलाय, कोन अडवून राह्यलं तुम्हाला?
पोहे चांगले होते. उद्या दुसरा माणूस.

२३ जुलै
पाऊस. कुणी भेटले नाही.

४ ऑगस्ट, सोमवार
पालिकेत गेलो. ट्रॅकचे काम बघणारे साहेब तरुण आहेत, आदराने बोलले. खांबाचे सांगितले. म्हणाले, खांब आधीपासून आहे, ट्रॅक नंतर आला, त्यामुळे चूक ट्रॅकची आहे. गाड्यांचे सांगितले. म्हणाले, काका, रेघ मारली, आता लोकांना रेघच दिसत न्हाई तं आम्ही काय करावं? अर्ज ठेवून जा.
ठेवला. पोच घेतली. साहेबांनी दोनदा मान हलवली. मला वाटते काम होईल.

११ ऑगस्ट, सोमवार
साक्षी म्हणाली, रोज पाच ठिकाणी रेघेच्या बाहेर यावं लागतं, मागून ट्रक असला की डोळे मिटावेसे वाटतात. आईला सांगू नका. मी सांगितले नाही. डोळे मात्र मिटू नको म्हणालो.

१२ ऑगस्ट, मंगळवार
आज एक विचार आला. मोठा आहे, म्हणून सावकाश लिहितो.
चौकात कुणीतरी लिंबू-मिरची टाकली होती. ट्रक, जीप, मोटारसायकली सगळे वळसा घालून जात होते. एका लिंबाला. साहेब म्हणतात लोकांना रेघ दिसत नाही. खरे आहे. पण लोक आंधळे नाहीत. आपण चुकीच्या रंगाची रेघ मारली.

१५ ऑगस्ट, शुक्रवार
झेंडावंदन करून गावी, पिंपळगावला गेलो. रेणुकाईचे दर्शन घेतले. येताना आमच्या बांधावरचा एक काळा दगड पोत्यात घालून एसटीत आणला. कंडक्टरने विचारले, काय हाय? मी म्हणालो, दगड. खोटे बोललो नाही.

१७ ऑगस्ट, रविवार. सकाळी ५.३०
झाले. भुजंगच्या जागेवर, सायकलच्या चित्राच्या थोडा पुढे, दगड ठेवला. देवघरातल्या डबीतला सगळा शेंदूर लावला. डोळे काढले नाहीत, मंत्र म्हटला नाही, मनातही कुठल्या देवाचे नाव घेतले नाही. त्यामुळे तो देव नाही. वाहतुकीची खूण आहे. पाप लागत नाही.
सायकल जाईल एवढी जागा डाव्या बाजूने सोडली आहे. निघताना सवयीने नमस्कार झाला. तो धरायचा नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
यश! भुजंगने गाडा आपणहून सहा हात मागे घेतला. मोटारसायकल एकही नाही. एक जण थुंकायला वळला आणि गिळून पुढे गेला. साक्षी म्हणाली, बाबा, आज तिथून सरळ गेले, घंटीसुद्धा वाजवावी लागली न्हाई.
पालिकेला जे रेघ मारून जमले नाही ते एका दगडाने केले. आणखी चार दगड लागतील. पुढच्या खेपेला आणीन.

२३ ऑगस्ट, शनिवार
दगडावर तेल आणि रुईच्या पानांची माळ. कुणी घातली माहीत नाही. शनिवार म्हणून असेल. जातील पाने वाळून.

३० ऑगस्ट, शनिवार
भुजंगला स्वप्न पडले. मारुतीराय त्याच्या स्वप्नात आले आणि म्हणाले, मी तुझ्या गाड्याखाली जमिनीत होतो, आता वर आलो. सगळ्या मोंढ्याला सांगत सुटला आहे. मला हात धरून सांगितले, मामा, अंगावर काटा आल्ता.
दगड जमिनीतून नाही, एसटीतून आला. पण मी बोललो नाही. दुसऱ्याच्या स्वप्नाबद्दल आपण काय बोलणार.
पोहे बंद. आता नारळ आणि कापूर ठेवतो.

९ सप्टेंबर, मंगळवार
ओटा झाला. फरशी बसवली, वर पत्रे. डावीकडे सायकलसाठी सोडलेली जागा चपलांसाठी झाली. नाव पडले: ट्रॅकवरचा मारुती. नवसाला पावतो म्हणतात. भोकरदनहून लोक येऊ लागले आहेत. येतात मोटारसायकलीवर. लावतात ट्रॅकवर.
महेबूबभाई म्हणाले, कडूबाभाऊ, रात्रीतून बसला म्हणतात. ज्यानं कुणी बसवला त्यानं विचार करून जागा धरली. मी म्हटले, हो ना. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधू लागले.

१५ सप्टेंबर, सोमवार
पालिकेत गेलो. साहेबांना म्हटले, सायकलींना अडथळा होतो आहे, सन्मानाने बाजूला सरकवावा. साहेबांनी खुर्चीतल्या खुर्चीत चपला काढल्या. म्हणाले, काका, श्रद्धेचा विषय, हात लावता येत न्हाई. बदलीसाठी मीच नवस बोलून राह्यलो. मग म्हणाले, बसवला कुणी, काही माहिती? मी म्हणालो, नाही.
हे खोटे झाले. संध्याकाळी त्याच मारुतीपुढे जाऊन क्षमा मागितली. त्याच्याएवढा जवळ दुसरा नव्हता.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा
नव्या गाड्यांच्या पूजेला रांग. हार घातलेल्या मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर, सगळे हिरव्या पट्ट्यावर एकामागे एक. प्रत्येक चाकाखाली लिंबू. ट्रॅक तयार झाल्यापासून इतका वापर प्रथमच.
साक्षीला म्हटले, क्लास उघडला की त्या ठिकाणी उतरून चालत जा. ती म्हणाली, उतरायला तरी जागा कुठंय, बाबा.

४ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी
साक्षी पडली.
मारुतीपाशी दर्शनाची गर्दी. ती रेघेच्या बाहेर आली. मागून मोटारसायकलवाल्याने हँडलला हँडल लावले. गुडघा फुटला, तळहात सोलला, पुढचे चाक वाकडे. मागचा टेम्पो वेळेवर थांबला. लोक म्हणाले, मारुतीने वाचवले. रुखसारने तिला घरी आणले.
नंदाने जखम धुतली. हळद लावली, चहा केला, क्लासला फोन केला. मी म्हणालो, ओरखडा म्हणजे, दिवाळीला अजून... तिने माझ्याकडे पाहिले. 

५ ऑक्टोबर, रविवार
साक्षीचा गुडघा शेकत होतो. म्हणाली, बाबा, आपल्या देवघरातली शेंदराची डबी ऑगस्टपासून रिकामी आहे.
मी शेकत राहिलो.
म्हणाली, आईला सांगितलं न्हाई मी. माझ्यासाठीच ठेवला ना तुम्ही? मंग माझ्यासाठीच उचला.
मी म्हणालो, परवा सकाळी. नक्की. रडली नाही पोरगी. रडली असती तर बरे झाले असते.

७ ऑक्टोबर, मंगळवार. सकाळी ५.१५
पोते घेतले. निघतो. मी आणला, मी नेणार. बांधावर परत ठेवणार. देव नाहीच तो.

७ ऑक्टोबर. सकाळी ९, गोडाऊन
दगड सिमेंटमध्ये बसवला आहे, हे लक्षात नव्हते.
त्यात काकडारती सुरू केली आहे म्हणे, वीसेक माणसे जमलेली. मला बघून भुजंग ओरडला, आले बघा मामा! देव प्रकटला तव्हापासून ह्या माणसाचा नमस्कार चुकला न्हाई, आज मान मामांचा. सगळे बाजूला झाले. आरतीचे ताट माझ्या हातात. सांगायला तोंड उघडले आणि आरतीच बाहेर आली.
आता त्याला डोळे लावले आहेत, चांदीचे. माझ्याकडेच बघत होते. मला रडू आले. लोकांना ती भक्ती वाटली. काही अंशी होतीही.
पोते भुजंगने चपला ठेवायला मागून घेतले.

७ ऑक्टोबर. संध्याकाळी
साक्षीने विचारले नाही. मीही सांगितले नाही. नंदाने क्लासची पुस्तके फळीवर ठेवली. साक्षी आता मोबाइलवरच शिकणार, बाराशे शंका आणि विचारायला कुणी नाही. रुखसार संध्याकाळी वही आणून देते.

२९ ऑक्टोबर, बुधवार
भुजंग आणि मंडळी घरी आली. पालिकेला अर्ज द्यायचा, की भक्तांची सायकलवाल्यांमुळे गैरसोय होते, सबब मारुतीसमोर ट्रॅक नसावा. माझे अक्षर चांगले आहे आणि माझा अर्ज पालिकेत चालतो, ही कीर्ती मीच पसरवली होती. नाही म्हणणार होतो. नंदाने सगळ्यांना चहा दिला आणि माझ्यासमोर पेन ठेवले.
ठरवले, मुद्दाम कच्चा लिहायचा. पण लिहायला बसलो की चांगलाच होतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार
अर्ज मंजूर. चौदा दिवसांत. माणसे आली आणि सायकलच्या चित्रावर डांबर फासून गेली. ट्रॅक आता मारुतीच्या अलीकडे संपतो आणि चाळीस पावलांनी परत सुरू होतो. मधल्या जागेसाठी पाटी आहे: चपला येथे काढाव्यात.
माझे अर्ज चालतात, हे मात्र सिद्ध झाले.

२२ नोव्हेंबर, शनिवार
महेबूबभाईंनी साक्षीच्या सायकलचे चाक सरळ करून दिले. ती म्हणाली, तुम्हीच वापरा, बाबा. मीही घेतली, माझी जुनी झालीच होती. तिच्या सायकलला पुढे जाळी आहे, नारळ चांगला बसतो.
आज आरतीला उशीर झाला. शनिवारची गर्दी. सायकल लावायला कुठे जागाच नव्हती. शेवटी थोडा पुढे गेलो, जिथून ट्रॅक परत सुरू होतो, तिथे चित्रावर स्टँड लावला. मागून रुखसार सायकलवरून क्लासला चालली होती. थांबली. साक्षीची सायकल ओळखली असावी. घंटी वाजवली.
मी नारळाचा हात वर करून म्हणालो, दोनच मिनिटं, बेटा.
ती रेघेच्या बाहेरून गेली.