ओल्या पायांचे ठसे

आई, तुझ्यावर राग आलाय. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता कसला राग धरायचा, असं लोक म्हणतील, म्हणू देत. तुझी पणती चालायला लागली आहे. लेकीने तिला चार दिवस इथे अमरावतीला आणलंय. परवा आंघोळ झाल्यावर ती माझ्या हातातून निसटली आणि ओल्या पायांनी घरभर दुडुदुडु पळाली. फरशीवर ठसे उमटले. सगळे भरलेले, मधला खोलगट भाग नाहीच, अगदी माझ्यासारखे. तशीच तिला उचलून लेकरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. त्या हसल्याच. "आजी, या वयात साऱ्याच लेकरायचे पाय सपाट असतात. तळव्याखाली चरबीची गादी असते ना. उघड्या पायानं पयू द्या तिले, कमान आपोआप येते. अन् एखादीची नाही आली, तरी दुखत नसन तर काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही! अकोल्याच्या घरात मी जेमतेम चार वर्षांची. न्हाणीतून पळत निघते, आणि ओसरीवर शेजारच्या काकू बसल्या आहेत. ठसे बघून त्या म्हणतात, "भरला पाय हाये पोरीचा. ज्या घरात जाईन त्याचं वाटोळं करन." दूधवाल्याने माप जरा कमी घातलं तर गल्ली डोक्यावर घेणारी तू, तेव्हा मुकाट्याने चहा गाळत राहिलीस. उलट दुसऱ्या दिवसापासून पंचा घेऊन न्हाणीच्या दारात उभी. "पाय पूस आधी. कोनी पाह्यलं त काय म्हनन?" चामड्याचे टणक बूट आणलेस आणि अकोल्याच्या त्या उन्हाळ्यात, घरातसुद्धा, मला घालायला लावलेस. भाद्रपदात महालक्ष्म्या घरात यायच्या तेव्हा कुंकवाच्या पाण्यात पाय बुडवून उंबरठ्यापासून पावलं उमटवायचा मान चुलतबहिणीचा. मी बूट घालून खाटेवर. तू माझ्याकडे बघायचीससुद्धा नाहीस. माझे पाय सपाटच राहिले, पण कधी दुखले नाहीत. फोड आले ते तुझ्या बुटांनी. आणि सासरचं म्हणशील तर कुणाचं काही वाटोळं झालं नाही, सगळे खाऊनपिऊन सुखी आहेत.

तुझं काही अडलं होतं का गं? "माझ्या पोरीचे पाय चांगले हायेत," एवढं म्हणायला काय लागत होतं?

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगते. आज पोर पुन्हा ओल्या पायांनी पळत होती आणि मी टाळ्या वाजवत होते. तेवढ्यात फाटक वाजलं. लेकीच्या सासूबाई तिवस्याहून आल्या होत्या. आई, मी पंचा घेऊन गुडघ्यांवर बसले आणि त्या दारात येईपर्यंत एकूण एक ठसा पुसून काढला.