कोकिळाबाई 'सुकले' म्हणत नाहीत

राजपुरा, बऱ्हाणपूर
ता. ९ एप्रिल २०१२

चि. लीलाधर यास देवराममामाचा आशीर्वाद. वि. वि.

चष्म्याचा नंबर बरोबर आहे माझा. तुझं कार्टून मी पूर्ण पाहिलं, सगळं दिसलं, सगळं कळलं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू नुसता 'हो मामा, हो मामा' करतो आणि मध्येच कोणाशी दुसरंच बोलतो. म्हणून कागद.

बुधवारा मोहल्ल्यात तुझ्या आईकडे सगळी गल्ली जमली होती. पोरानं लिहिलेला एपिसोड, म्हणून तिनं जिलेबी मागवली. आता मतं ऐक. चुडामण म्हणे, कार्टूनमधल्या बाईचं नाक फार लांब, आपल्या खानदानात असं नाक नाही. भिकनला हसता हसता जिलेबी घशात अडकली, पाठीत गुद्दे घालावे लागले. शारदा मास्तरीण म्हणाली, नवऱ्याचं नाव न घेणं हा येडेपणाच आहे, त्याला असंच हसायला पाहिजे. शेजारची कमल म्हणे, ही तर हूबहू आपली कोकिळाकाकू.

हूबहू तर होतीच. तुझ्या बापाचं नाव सुकलाल, म्हणून लग्नापासून तुझ्या आईनं 'सुकणं' हा शब्दच टाकला. कपडे सुकले म्हणायचं नाही, 'उन्हानं झाले' म्हणायचं. सुकी भाजी म्हणजे 'बिनपाण्याची'. नव्या नवरीलाही 'सुखी राहा' नाही, 'बरी राहा'. तो गेल्यावर तरी सोडेल वाटलं, नाही सोडलं. ते सगळं तू त्या कार्टूनच्या बाईच्या तोंडी घातलं. शेवटी पोरं तिला फसवतात, ती 'सुकले, सुकले' ओरडते आणि सगळं घर टाळ्या वाजवतं. गल्लीनंही वाजवल्या.

तुझी आई हसली. मग ताटल्या उचलायला लागली. तिचं मत विचारू नको, तिनं दिलं नाही.

जेवण वेळेवर कर. आठवण ठेवायची तर ठेव, सांगून कोणी ठेवत नाही.

देवराम

पुणे
ता. १६ एप्रिल

ती. मामांना सा. न.

भिकनकाकांचं वाचून ऑफिसात एकटाच हसत बसलो. मामा, एपिसोड एकदम हिट है! नेटवर लोकांनी इतकं लिहिलंय. अकोल्याची एक मुलगी म्हणते, तिच्या आजोबांचं नाव गणपत, तर आजी गणपतीला 'मोदकवाले देव' म्हणायची. एकानं लिहिलंय, शेवट पाहून आईला फोन लावला. एक जण मात्र म्हणतो, म्हातारीला फसवायला नको होतं, बाकी ठीक. असे एक-दोन असतातच.

आता काम सांगतो. चॅनलवाल्यांना खरी आई पाहिजे. छोटासा व्हिडिओ, आई दोरीवरचे कपडे काढत 'सुकले' म्हणणार, बस. मला ती नाही म्हणेल, तुम्हाला म्हणणार नाही. प्लीज मामा, तेवढं पटवा. बाबा असते तर सगळ्यात जास्त तेच हसले असते.

मामींना नमस्कार. रागवायचं तेवढं रागवा, पण माया आटू देऊ नका.

तुमचा
लीलू

राजपुरा
ता. २७ एप्रिल

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

पटवायची गरज नाही. ती म्हणते आता.

तुझं कार्टून लागल्यापासून गल्लीला खेळ मिळाला. दूधवाला, भाजीवाली, शाळेतली पोरं, जो तो गच्चीकडे पाहून विचारणार, काकू, कपड्यांचं काय झालं? ती 'झाले उन्हानं' म्हणायची, की आणखी हसू. शनिवारी तिनं मिरच्या घातल्या होत्या. मी तिथंच सावलीला बसलो होतो. कमलनं तिच्या गच्चीवरून आवाज दिला, काकू, मिरच्या काय झाल्या? तुझी आई म्हणाली, सुकल्या. कोणीही म्हणेल तसं. कमलनं टाळ्या वाजवल्या. तुझ्या आईनं मिरच्या भरल्या आणि खाली आली.

तेव्हापासून सगळ्याला तसंच म्हणते. मी रागावलो, म्हटलं त्या कमलच्या नादी काय लागते. तर म्हणे, भाऊ, कमलचं काही नाही. दिवसातून किती वेळा मी त्या शब्दापाशी अडायची. अडलं की ते आठवायचे. आता तिथं आलं की गल्लीचं हसूच ऐकू येतं, ते येत नाहीत. मग अडून काय करू?

तुला मालूम असावं म्हणून लिहिलं. व्हिडिओवाल्यांना पाठवू नको, जिन्यावरूनच परत लावीन.

तब्येतीला जप. आमचा जीव तुझ्यात आहे, तो काही तुझ्या विचारण्यावर नाही.

देवराम

पुणे
ता. ४ मे

ती. मामांना सा. न.

व्हिडिओ होणार नाही, असं चॅनलला सांगून टाकलं. एपिसोड काढून टाका म्हटलं, तर म्हणाले, सगळ्यात जास्त तोच चालतोय, रविवारी परत लावणार. माझं त्यावर काही चालत नाही.

मामा, लहानपणी माझा शाळेचा शर्ट ओला असला की आई म्हणायची, अजून उन्हानं झाला नाही. आणि बाबा खाटेवरून मुद्दाम खोकायचे. ती लाजून आत पळायची. ते खोकणं मी लिहिलं होतं. वेळेत बसेना, म्हणून कापलं. मीच कापलं.

काल फोनवर विचारलं, आई, काय करतेस? म्हणाली, कपडे सुकले, घड्या घालते. मी फोन ठेवून दिला.

मी येऊ का? येऊन काय बोलू? आणि ती परत पहिल्यासारखं म्हणेल का, तेवढं तरी सांगा.

मला परकं करू नका.

लीलू

राजपुरा
ता. ११ मे

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

ये. घर तुझं आहे, मला काय विचारतो? माफीबिफीचं नाटक करू नको. ती उलट तुलाच समजावत बसेल, दोघं रडाल आणि स्वयंपाक राहून जाईल.

परत म्हणेल का, विचारलं. परवा तिच्याकडे हातपाय धुतले आणि मुद्दाम म्हटलं, कोकिळा, टॉवेल उन्हानं झाला का बघ. तिनं माझ्याकडे पाहिलं. टॉवेल आणून हातात दिला आणि म्हणाली, भाऊ, सुकला म्हण की. तुला कोणी अडवलंय?

मी तसाच घरी आलो. टॉवेल हातातच राहिला होता.

आता यावर पुन्हा विचारायचं नाही. मी सांगणार नाही.

देवराम